डावा स्पीकर

फिटर : वाजतोय साहेब. जाळीला हात लावून बघा ना. थरथरतंय की नाही?

नवरा : थरथरतंय.

फिटर : मग झालं तर.

नवरा : थरथरतंय, पण आवाज नाही त्यात. म्हणजे आहे, पण लांब कुठेतरी. उजवीकडचा कसा समोर बसून गातो. हा डावा शेजारच्या घरात गातोय असं वाटतं.

फिटर : शेजारच्या घरात. वहिनी, ऐकताय ना? सकाळपासून या गाडीच्या पोटात हात घालून बसलोय मी. कंपनीचे पुठ्ठ्याचे स्पीकर काढले, नवे घातले. दारं घुमू नयेत म्हणून आतून शीट मारली. वर काचेच्या कडेला बारीक आवाजाचे छोटे ट्विटर बसवले, सीटखाली अँप्लिफायर टाकला. आणि साहेब म्हणतात, शेजारच्या घरात.

बायको : मला नका सांगू. माझा या गाण्यांच्या डब्याशी काही संबंध नाही. मला बसस्टँडवर जायचंय. गाडी कधी सुटेल तेवढं बोला.

नवरा : अगं, होतच आलंय. वूफर तेवढा राहिलाय.

बायको : मघाशीही होतच आलं होतं.

फिटर : आता वूफरचं तुमच्यावरच अडलंय वहिनी. तो जाणार डिकीत आणि डिकीत तुमची बॅग. ती बाहेर काढा, नाहीतर वूफर मांडीवर घेऊन बसावं लागेल.

बायको : बॅग तिथेच राहील.

फिटर : दोन्ही कसं राहील? वूफरची पेटी ही एवढी, तुमची बॅग तिच्याहून मोठी. काय घर भरलंय का आत?

नवरा : बहिणीकडे चाललीय ती, चार दिवस.

बायको : चार दिवस कोण म्हणालं?

नवरा : गेल्या वेळी चारच दिवस गेली होतीस.

बायको : गेल्या वेळी.

नवरा : मग या वेळी किती?

बायको : तुम्ही तुमच्या स्पीकरचं बघा.

फिटर : बरं, बॅगेचं नंतर. साहेब, आधी तुमची शंका मिटवतो. डाव्या दारातला स्पीकर काढून उजव्या दारात टाकतो, उजव्यातला डाव्यात. माल खराब असेल तर आता उजवीकडून रडेल. बरोबर?

नवरा : बरोबर.

फिटर : आणि नाही रडला तर माझ्या कामाला नाव ठेवायचं नाही.

नवरा : मी कुठे नाव ठेवतोय. मला ऐकू येत नाही तेवढं सांगतोय.

फिटर : तेच ते. या गल्लीत चार जण हे काम करतात, पण बिघडवून झाल्यावर गाड्या येतात माझ्याकडे. आजवर एक स्पीकर परत आला नाही. तुम्ही जा, समोर पाणी प्या. वहिनी, तुम्ही बसा ना, स्टूल आहे.

बायको : मला उभं राहायची सवय आहे. वर्गावर दिवसभर उभीच असते.

फिटर : टीचर आहात होय? तरीच.

बायको : तरीच काय?

फिटर : काही नाही, आवाजावरून वाटलं. बरं वहिनी, एक विचारू? साहेब तिकडे गेलेत तोवर विचारतो. ही गाण्यांची हौस कुणाची, तुमची की त्यांची?

बायको : लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी एक ओळ गुणगुणली नाही. हौस बिस काही नाही.

फिटर : मग एवढा खटाटोप?

बायको : गाडीत माझा आवाज कानावर पडू नये म्हणून. जितका मोठा डबा तितकी माझ्यापासून सुटका.

फिटर : छे हो, असं कुणी करतं का?

बायको : करतात. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही फक्त वायरी जोडता.

फिटर : वायरी जोडताना पण माणसं दिसतात वहिनी. परवा एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला बेस हवा, बायकोला नको. इथेच दुकानात अबोला धरला दोघांनी.

बायको : आमचा अबोला नाही. अबोल्यात दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असतं, की बोलायचं नाही म्हणून. मी बोलत होते. गाडीत शेजारी बसून बोलत होते आणि हे सरळ पुढे बघून गाडी हाकत होते. आधी मला वाटलं रस्त्यावर लक्ष आहे. मग वाटलं प्रेसमधल्या कामाचा ताप असेल. मग एक दिवस मी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. म्हणजे खूप महत्त्वाची. आदल्या रात्री झोप नव्हती मला, की कशी सांगू. सांगितली. एक प्रश्न विचारला शेवटी. आणि माहितीये काय उत्तर आलं?

फिटर : काय?

बायको : "हा डावा स्पीकर गेलाय बहुतेक."

फिटर : असं म्हणाले?

बायको : शब्द न् शब्द. मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी येईपर्यंत. त्यानंतर या गाडीत मी तोंड उघडलेलं नाही.

फिटर : अहो, चुकून म्हणाले असतील. माणूस विचारात असतो.

बायको : बायको रडवेली होऊन काही विचारते तेव्हा कुठल्या विचारात असतो माणूस? स्पीकरच्या? तो स्पीकर आता तुमच्या हातात आहे ना, बघून घेते मी एकदा. याच्याशी माझी तुलना झाली होती.

फिटर : हा नाही वहिनी, तो कंपनीचा होता. तो तिकडे भंगारात पडलाय. आले बघा साहेब. या, बसा ड्रायव्हर सीटवर. स्पीकर अदलाबदल केलेत. वहिनी, तुम्ही पण बसा त्या बाजूनं. दोघांनी ऐका म्हणजे भानगड नको.

बायको : मला ऐकायचं नाही.

फिटर : ऊन लागतंय तिथे तुम्हाला. बसा ना दोन मिनिटं.

बायको : बसते. दार उघडं ठेवा.

फिटर : साहेब, मी तुमच्या खिडकीपाशी उभा राहतो. हे चालू केलं. कसं वाटतंय?

नवरा : उजवीकडून छान येतंय. एकदम स्पष्ट. वा.

फिटर : म्हणजे जो मघाशी डावीकडे मेला होता तोच आता उजवीकडे जिवंत झाला. आणि डावीकडून?

नवरा : थांबा, ऐकू द्या.

बायको : मी या वेळी परत यायची नाही.

नवरा : नाही हो. डावा अजून तसाच. ट्रेबल थोडा वाढवून बघा ना.

बायको : ऐकलंत? ट्रेबल वाढवा म्हणे.

फिटर : साहेब.

नवरा : हा इथे आकडा आहे ना, तो चारवर नेला तर?

फिटर : साहेब, वहिनी काहीतरी म्हणाल्या.

नवरा : हं? काय गं?

बायको : काही नाही. झालं माझं बोलून.

नवरा : कधी बोललीस?

बायको : आता मला वेड्यात काढू नका. दीड हातावर बसलेय मी. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या परक्या माणसाला ऐकू गेलं, आणि तुम्हाला नाही? इतका ढोंगीपणा बरा नव्हे.

नवरा : अगं, गाणं चालू आहे ना एवढ्या मोठ्यानं.

बायको : गाणं यांच्यासाठीही चालूच होतं की. फिटर, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले ते?

फिटर : ऐकलं वहिनी.

नवरा : काय म्हणाली?

फिटर : ते मी नाही सांगणार. तुमच्या घरातलं आहे. पण आता माझंही डोकं फिरायची वेळ आलीय. स्पीकर बदलून झाला, वायर बदलून झाली, अदलाबदल करून झाली. डावीकडे काही लावा, साहेबांना पसंत नाही. आता बदलायचे राहिलेत ते तुमचे कान. ते काही माझ्या दुकानात मिळत नाहीत.

नवरा : तोंड सांभाळून बोला.

फिटर : सांभाळूनच बोलतोय. सकाळपासून सांभाळतोय.

नवरा : काढून टाका सगळं. कंपनीचं होतं तेच लावून द्या.

फिटर : काढतो. लगेच काढतो. पक्कड कुठे गेली माझी?

बायको : थांबा. गाणं बंद करू नका.

नवरा : अगं, चल, उतर. नको आपल्याला यांचं काम.

बायको : तुम्ही मागच्या सीटवर जा.

नवरा : कशाला?

बायको : जा म्हणते ना. सीटवर गुडघे टेका आणि मागच्या काचेकडे तोंड करा.

नवरा : काय शाळा लावलीयस? लोक बघतायत.

बायको : बघू देत. उलटे बसा. आता डोळे मिटा. फिटर, या डब्यात एका बाजूचा आवाज पूर्ण बंद करता येतो ना?

फिटर : येतो. सगळा आवाज एकीकडे लोटता येतो.

बायको : लोटा. कुठल्या बाजूला ते बोलू नका. मी बोट दाखवीन तसं करा. अहो, डोळे मिटलेत?

नवरा : मिटलेत. पण हे काय चाललंय ते तर सांग.

बायको : आता कसं वाजतंय?

नवरा : स्पष्ट. सगळं नीट ऐकू येतंय. काय केलं यांनी?

बायको : आता?

नवरा : आता गेलं. शेजारच्या घरात गेलं परत. कुठलातरी एकच स्पीकर धड आहे यांचा.

फिटर : साहेब.

बायको : तुम्ही बोलू नका. अहो, परत एकदा. आता?

नवरा : आता चांगलं आहे.

बायको : आणि आता?

नवरा : लांब. अगदी लांब.

बायको : डोळे उघडा. बंद करा फिटर ते गाणं.

नवरा : काय झालं? अशी का बघतेस?

बायको : तुम्हाला जो चांगला वाटला तो डावा होता. दोन्ही वेळा.

नवरा : कसं शक्य आहे? डावा तर बिघडलाय.

बायको : तुम्ही उलटे बसलायत. गाडीची डावी बाजू तुमच्या उजव्या कानाला लागलीय. म्हणून आता डावा स्पीकर चांगला झाला आणि उजवा बिघडला. गाडीत काहीही बिघडलेलं नाही.

नवरा : फिटर, असंच आहे?

फिटर : असंच आहे साहेब. मी मघाशी रागाच्या भरात बोललो. मला खरंच तसं म्हणायचं नव्हतं.

नवरा : कानात मळ असेल.

बायको : फोन कुठल्या कानाला लावता?

नवरा : हा, उजव्या.

बायको : नेहमी?

नवरा : उजव्या हातात धरतो म्हणून.

बायको : पूर्वी डाव्या कानाला लावून उजव्या हातानं लिहायचात. मी बघितलंय. जेवताना खुर्ची बदललीत तुम्ही. खिडकीपाशी वारा लागतो म्हणालात. आता कोपऱ्यात बसता. डावीकडे भिंत आणि उजवीकडे मी. झोपताना उजव्या कुशीवर वळलात की कितीही हाका मारा, उठत नाही. मला वाटायचं मुद्दाम.

नवरा : अगं, मुद्दाम कोण कशाला करेल?

बायको : तेच मी रोज स्वतःला विचारायचे. कशाला करत असतील.

नवरा : शिट्टी वाजते गं कानात. बारीक, कुकर लांबून वाजावा तशी. प्रेसमध्ये छपाईची मशीन दिवसभर माझ्या डाव्या हाताला धडधडत असते. सगळ्यांनाच थोडंफार होतं. म्हटलं होईल कमी. गाडीतलं गाणं अर्धंच ऐकू यायला लागलं तेव्हा फार बरं वाटलं मला.

बायको : बरं वाटलं?

नवरा : म्हटलं, चला, स्पीकर गेलाय. स्पीकर बदलता येतो.

फिटर : वहिनी, मी जरा पलीकडे जाऊन येतो. दुकान उघडंच आहे. साहेब, कान मात्र दाखवून घ्या. उद्या परवा करू नका.

नवरा : हो. जा तुम्ही.

बायको : गेला तो.

नवरा : मघाशी काय म्हणाली होतीस तू? शेजारी बसून?

बायको : परत येणार नाही म्हणाले.

नवरा : बहिणीकडून?

बायको : हो.

नवरा : म्हणजे ती एवढी मोठी बॅग.

बायको : हो.

नवरा : आणि मी तुला बसस्टँडवर सोडणार होतो. वाटेत गाणी लावून.

बायको : हो.

नवरा : का पण? मी काय केलं? तू बोलेनाशी झालीस, मी विचारलं दोनदा. तू म्हणालीस काही नाही. म्हटलं शाळेचा त्रास असेल. गाडीत पूर्वी किती बोलायचीस तू. मुलांच्या नकला करायचीस. ते सगळं बंद झालं. ती शांतता नको वाटायची मला. म्हटलं, निदान तुला आवडतात ती गाणी तरी नीट लागू देत. म्हणून हा सगळा खर्च.

बायको : माझ्यासाठी?

नवरा : मग काय माझ्यासाठी? मला गाण्यातलं काय कळतं?

बायको : मला वाटलं माझा आवाज नको म्हणून.

नवरा : तुझा आवाज नको, असं कसं वाटलं तुला?

बायको : तुम्ही विचारताय मला? तुम्ही? त्या दिवशी शाळेतून घ्यायला आला होतात. पुलावर गाडी तुंबली होती. आठवतं?

नवरा : पुलावर रोजच तुंबते.

बायको : त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, की डॉक्टरकडे जाऊन आलेय. छातीत गाठ निघालीय. काढावी लागेल.

नवरा : काय?

बायको : गाठ.

नवरा : कुणाच्या?

बायको : माझ्या.

नवरा : कधी? आता आहे?

बायको : नाही आता. काढली. बहिणीकडे गेले होते ना, चार दिवस.

नवरा : तू तर भाचीच्या साखरपुड्याची खरेदी म्हणाली होतीस.

बायको : ते तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, जाते बहिणीकडे. तुम्ही म्हणालात, खरेदी असेल. मला वाटलं, बरं, असं करायचंय तर. माहीत असून नसल्यासारखं करायचंय.

नवरा : मला माहीत नव्हतं.

बायको : ते आता कळतंय मला. तेव्हा नव्हतं कळत. परत आले तेव्हा दारात तुम्ही काय विचारलंत आठवतं?

नवरा : नाही.

बायको : "झाली का मजा?"

नवरा : असं विचारलं मी?

बायको : हसत. माझ्या अंगावर पट्टी होती आतून. मी चप्पल काढता काढता ठरवलं की आता पुरे.

नवरा : गाठ कसली होती? काय निघालं त्यात?

बायको : साधी होती. तसं काही नाही. पण दर काही महिन्यांनी तपासायला बोलावलंय.

नवरा : खरं सांगतेस ना?

बायको : खरं सांगतेय.

नवरा : नीट इकडे बघून सांग.

बायको : साधी होती. खरंच.

नवरा : आणि ऑपरेशनच्या वेळी मी कुठे होतो? काय करत होतो मी?

बायको : मला काय माहीत. रात्री फोन आला होता तुमचा. गाडीत कुठले स्पीकर चांगले ते बघताय म्हणालात. बहिणीनं ऐकलं. ती म्हणाली, या माणसाकडे परत जाऊ नकोस.

नवरा : तुझा खांदा दुखतोय असं वाटलं मला. हात वर जात नव्हता तुझा. वरच्या फळीवरचा डबा मी काढून दिला.

बायको : दिलात, आणि एक शब्द विचारला नाहीत.

नवरा : मलम आणून ठेवलं होतं ना उशाशी.

बायको : ते माझ्यासाठी होतं?

नवरा : मग?

बायको : मला वाटलं तुम्ही स्वतःसाठी आणलंय. तुमची कंबर धरते ना.

नवरा : तू परत का नाही सांगितलंस? घरी आल्यावर, चहा घेताना, कधीही. समोर बसून एकदा म्हणायचंस.

बायको : वर्गात मी एकच गोष्ट चारदा सांगते. पोरांना कंटाळा येईपर्यंत सांगते. ही एकदाच सांगता आली. एवढीच ताकद होती. ती त्या पुलावर संपली. परत विचारून परत स्पीकर ऐकायची भीती वाटली मला.

नवरा : चूक माझी आहे.

बायको : तुमची नाही. तेच तर होतंय. तुमची चूक आहे असं धरून मी इतके महिने उठले, डबे भरले, शाळेत गेले. त्या रागावर उभी होते मी. आता तुम्ही म्हणता ऐकूच आलं नाही. मग तो राग मी कुठे ठेवू? तो जात नाहीये. तुमची चूक नाही हे कळूनसुद्धा जात नाहीये.

नवरा : राहू दे. घाई नाही त्याला.

बायको : रडू नका. फिटर येतोय.

फिटर : साहेब, वूफरचं काय करू? बसवायचा असेल तर बॅग काढावी लागेल. नसेल तर नाही म्हणून सांगा, मी पेटी परत आत ठेवतो.

नवरा : बॅग राहू दे डिकीत. तिला जायचंय. वूफर नको.

फिटर : आणि बाकीचं? काढून कंपनीचं लावू म्हणाला होतात.

नवरा : नका काढू. तिला गाणी आवडतात. डावीकडे तीच बसते.

फिटर : मग माझ्याकडून झालं. पॅनल बसवलंय. वहिनी, काही चुकून बोललो असेन तर मनात ठेवू नका.

बायको : तुम्ही बोललात ते बरं झालं. किल्ली कुणाकडे आहे?

फिटर : ही घ्या.

बायको : अहो, तुम्ही तिकडून बसा. मी चालवते.

नवरा : तू? किती दिवसांत हात लावला नाहीस गाडीला. पुलावर गर्दी असेल.

बायको : असू दे. तुम्ही डावीकडे बसा. तुमचा चांगला कान माझ्याकडे येईल.

नवरा : बसस्टँडवर जायचंय ना? पुढून उजवीकडे घे मग.

बायको : बसा तर खरं आधी.

(गाडीची दारं लागतात. नव्या स्पीकरवर आपोआप गाणं सुरू होतं आणि लगेच बंद केलं जातं.)

नवरा : बंद का केलंस? ऐक की. एवढं बसवलंय.

बायको : नको आता. पट्टा लावा.

नवरा : एक मागू?

बायको : काय?

नवरा : त्या दिवशी पुलावर जे म्हणालीस, ते परत म्हण. जसंच्या तसं.

बायको : आता काय उपयोग त्याचा? सगळं होऊन गेलं.

नवरा : उपयोग नाही. तरी म्हण.

बायको : मला नाही जमायचं.

नवरा : पुढे बघून म्हण. माझ्याकडे बघू नकोस. तेव्हाही पुढेच बघत होतीस ना?

बायको : हो.

नवरा : मग म्हण.

बायको : डॉक्टर म्हणालेत गाठ काढावी लागेल. मंगळवारी सकाळी बोलावलंय. मला फार भीती वाटतेय. तुम्ही याल का बरोबर?

नवरा : येतो ना. किती वाजता निघायचं?